आधी भांडण, मग स्लॅब

इस्पितळाच्या कॉरिडॉरमधून स्ट्रेचर ढकलत नेणाऱ्याला डोक्यावरचं फॉल्स सीलिंग सपाट, पांढरं आणि निर्धास्त दिसतं. बांधकामातला बराचसा मनस्ताप मात्र त्या सीलिंगच्या वरच्या हातभर पोकळीत साठलेला असतो. एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, एका मजल्याच्या फरशीपासून वरच्या मजल्याच्या फरशीपर्यंतची उंची ४.२ मीटर आहे. फरशी आणि स्लॅब धरून बीमची खोली ७०० मिलिमीटर, म्हणजे बीमच्या बुडाखाली उरले साडेतीन मीटर. सीलिंग २.७ मीटरवर हवं, तेव्हा सगळ्या यंत्रणांच्या वाट्याला आले ८०० मिलिमीटर. एसीचा डक्ट ४५० चा, वर-खाली इन्सुलेशन धरून ५००. विजेच्या केबलचा ट्रे आणि त्यात हात घालायला लागणारी जागा मिळून १५०. वरच्या मजल्यावरच्या संडास-बाथरूमचा पाइप ११० चा. आणि सांडपाणी उताराशिवाय वाहत नाही, म्हणून साठास एक उतार धरला तर बारा मीटरच्या अंतरात तो आणखी २०० मिलिमीटर खाली येतो. बेरीज ९६०. ऑक्सिजनच्या तांब्याच्या नळ्या आणि स्प्रिंकलरचे पाइप अजून मोजलेलेच नाहीत. कॉरिडॉर २.४ मीटर रुंद असला तर ही सगळी मंडळी शेजारी शेजारी नांदू शकतात; पण एकाला दुसऱ्याला ओलांडून खोलीत वळायचं असतं, तिथे दोघांना एकच जागा हवी असते.

आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये सीलिंग बरोबर असतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ड्रॉइंगमध्ये बीम बरोबर असतो. एसीवाला, प्लंबिंगवाला, वीजवाला, अग्निशमनवाला, प्रत्येकाचं ड्रॉइंग आपापल्या जागी तपासून, शिक्का मारून आलेलं असतं. या सगळ्या बरोबर कागदांच्या बेरजेतून एक चूक जन्माला येते आणि ती कुठल्याच कागदावर नसते. ती पहिल्यांदा दिसते शिडीवर चढलेल्या फिटरला, तीही स्लॅब पडून काही महिने झाल्यावर. बीमला हवं तिथे भोक पाडता येत नाही, पाइपाचा उतार मोडता येत नाही, म्हणून सीलिंग खाली येतं किंवा डक्ट चेपला जातो. आणि चेपलेल्या डक्टमधून पुरेशी हवा जात नाही, हे पहिल्या उन्हाळ्यात कळतं. फोडाफोडीचं बिल कोणाच्या नावावर टाकायचं, यावरची पत्रं इमारत सुरू झाल्यावरही चालू राहतात. हे भांडण व्हायचंच होतं. ते सर्वांत महाग वेळी झालं, एवढंच.

सिल्वासामध्ये हा हिशेब पुस्तकी राहिलेला नाही. सिल्वासा ज्यात येतं त्या ४९१ चौरस किलोमीटरच्या दादरा आणि नगर हवेलीत वैद्यकीय महाविद्यालयाची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली. सुमारे २६० कोटी रुपये खर्चाच्या ‘नमो’ वैद्यकीय शिक्षण आणि संशोधन संस्थेचं उद्घाटन २५ एप्रिल २०२३ रोजी झालं. आणि ४६० कोटींहून अधिक खर्चाचं, ४५० खाटांचं नमो हॉस्पिटल ७ मार्च २०२५ रोजी लोकांसाठी खुलं झालं. जानेवारी २०१८ मध्ये सिल्वासाची निवड स्मार्ट सिटी योजनेत झाली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरांपैकी चारेक किलोमीटर याच प्रदेशातून जातात. सूत आणि प्लास्टिकच्या कारखान्यांची बांधकामं तर वर्षानुवर्षं चालूच आहेत. वर सांगितलेल्या इमारती कोणत्या पद्धतीने आखल्या गेल्या, हा या लेखाचा विषय नाही. एवढ्याशा प्रदेशात एवढी गुंतागुंतीची बांधकामं एका मागोमाग होत असताना पुढची इमारत कशी आखावी, हा आहे. त्यावरचं उत्तर म्हणून हल्ली ज्या पद्धतीचं नाव घेतलं जातं ती म्हणजे इमारतीचं डिजिटल मॉडेल: बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, अर्थात बीआयएम. साइटवर हे संक्षिप्त नाव जरा गैरसोयीचंच आहे. ‘बिम’ म्हटलं की मिस्त्री मान वर करून पाहतो, कारण त्याच्या लेखी बीम एकच, स्लॅबखालचा.

नेहमीच्या कॅड ड्रॉइंगमध्ये भिंत म्हणजे दोन समांतर रेषा आणि दार म्हणजे एक रेषा व एक कंस. त्या रेषांना आपण भिंत आहोत हे ठाऊक नसतं. ते पाहणाऱ्याला ठाऊक असतं. मॉडेलमधल्या दाराला मात्र आपण दार आहोत हे माहीत असतं: रुंदी किती, चौकट कशाची, आगीत किती वेळ टिकणार, किंमत किती आणि कोणत्या भिंतीत बसलोय. भिंत सरकवली की दार सरकतं, प्लॅन बदलतो, सेक्शन बदलतो आणि दारांची यादीही बदलते. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्ये इमारतीचं असं एकसंध संगणकीय वर्णन मांडलं होतं. १९८७ मध्ये हंगेरीतल्या ग्राफिसॉफ्टच्या आर्किकॅडने ते टेबलावरच्या संगणकात आणलं. पुढे त्रिमिती मॉडेलला वेळापत्रक जोडलं, तेव्हा त्याला चौथी मिती म्हणू लागले. खर्च जोडला, तेव्हा पाचवी. सगळ्यांची मॉडेल एकावर एक ठेवली की डक्ट कुठे बीममध्ये घुसतो आहे हे संगणक यादी करून सांगतो. या धडकेला धंद्यात ‘क्लॅश’ म्हणतात, आणि कॉरिडॉरवरची ती पोकळी म्हणजे क्लॅशचं माहेर.

इथपर्यंत सगळं सॉफ्टवेअर विकणारेही सांगतात. त्यांच्या सांगण्यातून एक गोष्ट निसटते. मॉडेल क्लॅश दाखवतं, सोडवत नाही. डक्ट आणि पाइप यांपैकी कोणी सरकायचं, हे ठरवायला एसीवाला, प्लंबिंगवाला, स्ट्रक्चरवाला आणि मालक यांना एका टेबलाशी बसून वाद घालावाच लागतो. मॉडेलची खरी करामत अशी की ते हा वाद साइटवरून उचलून टेबलावर आणतं, जिथे पाइप सरकवायला माउसचा एक झटका लागतो, ब्रेकर लागत नाही. म्हणूनच या लेखाचा मुद्दा असा: मॉडेलचा उपयोग तिथेच होतो जिथे लवकर भांडणं हे प्रत्येकाच्या फायद्याचं आणि कर्तव्याचं केलेलं असतं. ही तजवीज सॉफ्टवेअर करत नाही, निविदा आणि करार करतात. तेव्हा सिल्वासासारख्या ठिकाणी आधी बदलायची गोष्ट निविदेचा मसुदा आहे, संगणक त्यानंतर.

आपल्याकडच्या सरकारी बांधकामात उशिरा भांडणं कोणाच्या सोयीचं असतं, ते पाहिलं की हे पटेल. कंत्राट बहुधा आयटमनिहाय दरांचं असतं: बीओक्यूमध्ये कामांची यादी आणि परिमाणं, त्यापुढे दर, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो एल-वन. कमी दराने काम घेतलेल्या ठेकेदाराला ड्रॉइंगमधली चूक आधी दाखवून काय मिळतं? काहीच नाही. तीच चूक साइटवर निघाली तर एक्स्ट्रा आयटम मिळतो, मुदतवाढ मिळते. सल्लागाराची फी ड्रॉइंग किती टप्प्यांत सादर झाली यावर ठरते. ती एकमेकांत बसतात का, याच्यावर नाही. अधिकाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. कामाआधी आराखडा बदलायचा तर ‘का बदलला?’ असा ऑडिटचा प्रश्न त्याच्या सहीवर येतो. काम अडल्यावर बदलला तर ‘साइटची निकड’ हे कारण फायलीत तयारच असतं. तिघांपैकी कोणीही अप्रामाणिक असायची गरज नाही. तिघेही आपापल्या जागी शहाणपणाने वागतात, आणि त्या शहाणपणाची बेरीज पुन्हा त्या ९६० मिलिमीटरच्या बेरजेसारखीच होते.

याच्या उलट काय घडू शकतं, याचं मराठी मुलखातलं सर्वांत ठळक उदाहरण नागपूर मेट्रोचं आहे. २१ ऑगस्ट २०१४ रोजी भूमिपूजन झालेल्या या प्रकल्पात तो उभारणाऱ्या महामेट्रो कंपनीने पाच मितींचं मॉडेल वापरायचं ठरवलं. संकल्पचित्रांची मॉडेल, प्रायमाव्हेरातलं वेळापत्रक आणि सॅपमधला हिशेब एकमेकांना जोडले, जेणेकरून कोणता घटक केव्हा उभा राहणार आणि त्याचे किती पैसे द्यायचे हे एकाच नोंदीतून कळावं. अशा जोडणीची गरज तिथे का होती, हे वर्धा मार्गावर गेलं की दिसतं. ३.१४ किलोमीटर लांबीच्या त्या दुमजली पुलावर एकाच खांबाच्या ओळीवर खाली महामार्गाचा उड्डाणपूल आहे आणि त्याच्या वर मेट्रो. त्यातच छत्रपतीनगर, जयप्रकाशनगर आणि उज्ज्वलनगर अशी तीन स्थानकं बसवली आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये त्याची गिनीज विक्रमांत नोंद झाली. एक खांब, पण त्यावर भार दोन संस्थांचा: राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आणि महामेट्रो. महामार्गाला मार्गिकांची रुंदी हवी, मेट्रोला रुळांची पातळी आणि वळणाची त्रिज्या, स्थानकाला जिन्यांसाठी जागा, आणि खालच्या रस्त्यावरच्या वाहनांना खांब शक्य तितका बारीक. गड्डीगोदामला तर रेल्वेच्या खालून रस्ता, मग रेल्वे, तिच्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो असे चार थर एकावर एक आहेत, आणि चालू रेल्वेमार्गावर तिथे सुमारे १६५० टन पोलादाची रचना चढवली गेली. अशा जागी ‘साइटवर बघू’ म्हणण्याची मुभाच नसते.

पण नागपूरचा दाखला देताना हात जरा आखडता घ्यायला हवा. पहिल्या टप्प्याचा मंजूर खर्च ८,६८० कोटी रुपये होता. ११ डिसेंबर २०२२ रोजी तो टप्पा पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा सरकारी निवेदनात ‘८,६५० कोटींहून अधिक’ असा आकडा होता. त्या आकड्यानुसार खर्चाचा दोर फारसा सुटला नाही. वेळ मात्र भूमिपूजनापासून आठ वर्षांहून जास्त गेला, आणि त्यात करोनाची वर्षंही आली. खर्च आटोक्यात राहिला याचं सगळं श्रेय मॉडेलला देणं जितकं चुकीचं, तितकंच वेळ गेल्याचं खापर मॉडेलवर फोडणं. निष्कर्ष एवढाच निघतो की तिथे मालक स्वतः मॉडेलचा धनी होता. मॉडेल सल्लागाराच्या ऑफिसातला शोभेचा पडदा नव्हतं. देयकं ज्या यंत्रणेतून जायची तिच्याशी ते बांधलेलं होतं. पैसा ज्या नोंदीतून वाहतो ती नोंद माणसं नीट ठेवतात, हा अनुभव मेजरमेंट बुकाइतकाच जुना आहे.

मालकाने मागणी केल्याशिवाय ही पद्धत रुजत नाही, हे परदेशांतही दिसलं. ब्रिटन सरकारने २०११ च्या बांधकाम धोरणात सांगून टाकलं की २०१६ पासून केंद्राच्या खर्चाच्या प्रकल्पांत सगळ्या पक्षांनी माहिती त्रिमिती, सामायिक स्वरूपात द्यायची. सिंगापूरने २०१५ पासून ५,००० चौरस मीटरहून मोठ्या इमारतींचे परवाने मॉडेलच्या रूपातच मागायला सुरुवात केली. दोन्हीकडे ठेकेदार उत्साहाने पुढे आले नव्हते. मागणाऱ्याने मागितलं म्हणून त्यांनी दिलं. आणि मागणाऱ्याने का मागावं, याचं उत्तर अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या २००४ च्या अभ्यासात आहे. एका प्रणालीतली माहिती दुसरीत न गेल्यामुळे तिथल्या मोठ्या इमारतींच्या उद्योगाचं वर्षाला १५.८ अब्ज डॉलरचं नुकसान होतं, असा अंदाज त्यात काढला होता. त्यातला दोन तृतीयांश हिस्सा, १०.६ अब्ज, आर्किटेक्ट किंवा ठेकेदार यांच्या खिशातून जात नव्हता. तो जात होता मालकाच्या आणि इमारत चालवणाऱ्याच्या खिशातून, मुख्यतः बांधकाम संपल्यानंतर. सिल्वासाच्या इस्पितळापुरतं बोलायचं तर बांधणारी यंत्रणा काही वर्षांत निघून जाते. सीलिंगच्या वरचा कोणता व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे कोणत्या वॉर्डाचा ऑक्सिजन थांबतो, हे मात्र पुढची तीस-चाळीस वर्षं कोणाला तरी माहीत असावं लागतं.

मॉडेल असूनही सगळं कसं फसतं, याचाही धडा उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या जीवविज्ञान इमारतीचा वाद २०११ मध्ये तिथल्या बांधकाम नियतकालिकांत गाजला. आर्किटेक्ट आणि यंत्रणांच्या इंजिनिअरनी सीलिंगच्या पोकळीतले सगळे पाइप आणि डक्ट मॉडेलमध्ये नेमके बसवले होते. मॉडेल बरोबर होतं. अट एकच होती: सगळं एका ठरावीक क्रमाने बसवलं तरच बसणार होतं. हा क्रम ठेकेदाराला कोणी सांगितला नाही. सुमारे सत्तर टक्के काम झाल्यावर जागा संपली, प्रकरण दाव्यापर्यंत गेलं आणि शेवटी तडजोड झाली. मॉडेलच्या विरोधकांना हे उदाहरण आवडतं. नीट पाहिलं तर ते मॉडेलच्या विरोधात नाही, मॉडेलला गुप्त कागदासारखं वापरण्याच्या विरोधात आहे. ज्याला पाइप हातात घ्यायचा आहे तो टेबलाशी नव्हता. त्यामुळे भांडण वेळेवर झालंच नाही. आपल्याकडच्या निविदेत डिझाइन आधी संपतं आणि ठेकेदार नंतर नेमला जातो, तेव्हा हाच धोका आपण नियम म्हणून पत्करत असतो.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत रास्त आक्षेप लहान ठेकेदाराचा आहे. वापी-सिल्वासा पट्ट्यातल्या प्लंबिंगच्या, फॅब्रिकेशनच्या उपठेकेदाराने लाखांचं सॉफ्टवेअर आणि ते चालवणारा माणूस कुठून आणावा? अशी अट घातली तर कामं फक्त मोठ्या शहरांतल्या कंपन्यांकडे जातील. हा धोका खरा आहे, आणि तो टाळायचे दोन मार्ग आहेत. एक, सगळ्यांनी मॉडेल बनवण्याची गरज नसते. बनवणारे थोडे असतात आणि बघणारे पुष्कळ, आणि मॉडेल बघण्याची साधनं फुकट मिळतात. मालकाने मॉडेल समन्वयक स्वतःच्या खर्चाने नेमला, तर उपठेकेदाराने फक्त बैठकीला यायचं आणि ‘हा पाइप इथून जाणार नाही’ हे सांगायचं. ते सांगण्याचं ज्ञान त्याच्याकडे सॉफ्टवेअरवाल्यापेक्षा जास्त असतं. दुसरा मार्ग उंबरठ्याचा. सिंगापूरप्रमाणे ठरावीक क्षेत्रफळाच्या पुढच्या आणि यंत्रणांची दाटी असलेल्या इमारतींनाच ही अट लावावी. गावातल्या शाळेच्या चार खोल्यांना मॉडेल मागणं हा अतिरेकच. शिवाय फाइल खुल्या स्वरूपात मागितली पाहिजे. आयएफसी या खुल्या प्रमाणाला आता आयएसओ मानकाचा दर्जा आहे. ते मागितलं तर एका कंपनीच्या सॉफ्टवेअरला प्रदेशाचं सगळं बांधकाम गहाण पडत नाही.

दुसरा आक्षेप मिस्त्रीच्या नावाने घेतला जातो: कामगार पडद्यावरचं काय वाचणार? हा आक्षेप घेणारे एक विसरतात, की सध्याचं इंग्रजी ड्रॉइंगही तो वाचत नाही. सुपरवायझर वाचतो आणि हिंदीत, गुजरातीत, मराठीत किंवा वारलीत सांगतो. सिल्वासाच्या एकाच साइटवर या चारही भाषा कानावर पडू शकतात. प्लॅन आणि सेक्शन पाहून मनात त्रिमिती आकार उभा करणं ही शिकून येणारी विद्या आहे. वळवून पाहता येणारं चित्र मात्र त्या विद्येवाचूनही कळतं. तसं पाहिलं तर वारली भिंतीवर लग्नचौक समोरून पाहिल्यासारखा सपाट आणि नाच वरून पाहिल्यासारखा गोल दिसतो. एकाच चित्रात दोन दिशांनी पाहणं या मातीला नवीन नाही. अडचण समजुतीची नाही, पोहोचवण्याची आहे. मजल्यावर त्या दिवशीच्या कामाचं रंगीत, मापं घातलेलं एक पान भिंतीला चिकटवलं, तरी निम्मं काम होतं. ते पान सामायिक मॉडेलमधून निघालेलं असावं आणि त्यावर तारीख असावी, एवढंच.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. प्रकल्प रखडतात ते जमिनीमुळे, परवान्यांमुळे, निधीमुळे, पाइपामुळे नव्हे. डिसेंबर २०२३ अखेरच्या केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या अहवालात १५० कोटींवरचे १,८२० प्रकल्प होते; त्यांतल्या ८४८ प्रकल्पांना उशीर झाला होता आणि ४३१ प्रकल्पांचा खर्च मिळून ४.८२ लाख कोटी रुपयांनी वाढला होता. उशिराच्या कारणांत भूसंपादन आणि पर्यावरण परवानगी ठळकपणे येतात, आणि मॉडेल कोणाचा सातबारा मोकळा करून देत नाही. हे मान्यच करायला हवं. पण त्याच यादीत तपशीलवार संकल्पन उशिरा ठरणं आणि कामाची व्याप्ती बदलणं हीही कारणं असतात, आणि ती मॉडेलच्या आवाक्यातली आहेत. जमिनीच्या बाबतीतही मोजणी लवकर आणि नेमकी झाली तर फरक पडतो: बुलेट ट्रेनच्या मार्गाची जमीन विमानातून लायडार या लेझरच्या तंत्राने मोजली, तेव्हा नेहमीच्या पद्धतीने दहा-बारा महिने घेणारं काम बारा आठवड्यांत झालं. आणि प्रशासनाच्याच ताब्यातल्या जमिनीवर इस्पितळ किंवा महाविद्यालय बांधायचं असेल तर भूसंपादनाचं कारण बाजूला पडतं. तिथे उरतात ती बरीचशी आपलीच, टेबलावर मिटणारी कारणं.

यालाच लागून एक अधीर प्रश्न येतो. आधी महिनोन् महिने मॉडेल करत बसायचं, मग खोदकाम कधी? सरकारी कामात खड्डा दिसला की प्रगती दिसते. पडद्यावरची प्रगती कोणाला दाखवायची? इथे सिल्वासाचं हवामान मदतीला येतं. दमणगंगेच्या या खोऱ्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पाया उघडा असताना पहिला पाऊस गाठला तर पंप लावून पाणी उपसण्यात आणि ढासळलेल्या कडा बांधण्यात हंगाम जातो. तेव्हा पावसाळा हा मॉडेलचा हंगाम मानला, चार महिने टेबलावर भांडून घेतलं आणि दसऱ्यानंतर कुदळ मारली, तर खड्डा उशिरा दिसला तरी छप्पर लवकर दिसेल. शेतकरी रोहिणी नक्षत्राच्या आधी बी-बियाणं तयार ठेवतो; बांधकामवाल्याने पाऊसभर आराखडा तयार करायला हरकत नसावी.

‘एल-वन सक्तीचा आहे, आमचे हात बांधलेले आहेत’ हे उत्तरही आता पुरेसं नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी काढलेल्या खरेदी आणि प्रकल्प व्यवस्थापनाच्या सूचनांत, ठरावीक अटींवर बांधकामांसाठीही गुणवत्ता आणि किंमत दोन्ही तोलायला परवानगी दिली आहे, आणि चालू बिलांचा मोठा हिस्सा दहा कामाच्या दिवसांत देण्याची अपेक्षा नोंदवली आहे. म्हणजे दार उघडं आहे. आत जाण्याची इच्छा हवी. लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या टर्मिनल ५ मध्ये मालक कंपनीने बांधकामाची जोखीम स्वतःकडे घेतली, त्यामुळे चूक लपवण्यात कोणाचाच फायदा उरला नाही, आणि इमारत ठरल्या मुदतीत उभी राहिली. ती २७ मार्च २००८ रोजी प्रवाशांसाठी खुली झाली आणि त्याच दिवशी सामानाच्या व्यवस्थेचा बोजवारा उडाला, कारण ती चालवणाऱ्यांची पूर्वतयारी अपुरी होती. त्या एका इमारतीत हा सगळा युक्तिवाद सामावला आहे: बांधणारे टेबलाशी होते तितकं जमलं, चालवणारे पुरेसे नव्हते तिथे अडलं.

आता उरतो प्रश्न जबाबदारीचा. दहा जणांनी मिळून केलेल्या मॉडेलमध्ये चूक निघाली तर ती कोणाची? कागदावर शिक्का असतो, सही असते, मॉडेलवर काय? २०१८ च्या आयएसओ १९६५० या मानकाने याचं उत्तर सामायिक भांडाराच्या चार खणांत दिलं आहे. पहिल्या खणात प्रत्येकाचं चालू काम. ते इतरांनी वापरायचं नाही. दुसऱ्यात सामायिक, इथे बाकीच्यांनी आक्षेप घ्यायचे. तिसऱ्यात प्रसिद्ध झालेलं, यावरूनच बांधायचं. चौथ्यात जुनं जतन केलेलं, म्हणजे कोणी केव्हा काय बदललं हे पुसता येत नाही. एका खणातून दुसऱ्या खणात वस्तू सरकते ती नेमून दिलेल्या माणसाच्या मंजुरीने. या चार खणांसाठी महागडं सॉफ्टवेअर लागतंच असं नाही. लागते ती शिस्त, आणि दुसऱ्या खणात असताना गप्प बसणाऱ्याला तिसऱ्या खणानंतर एक्स्ट्रा आयटम मागता येणार नाही, असं करारातलं एक कलम. ज्याने आधी चूक दाखवली त्याला बक्षिसी, हे दुसरं. या दोन कलमांनी जे साधेल ते सॉफ्टवेअरच्या शंभर परवान्यांनी साधणार नाही.

सही अधिकृत माणसाची असावी लागते, हे सिल्वासाइतकं दुसऱ्या गावाला क्वचितच ठाऊक असेल. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झालं. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखे पुण्या-मुंबईचे तरुण त्या लढ्यात होते. पुढची सात वर्षं हा प्रदेश प्रत्यक्षात स्वतंत्र होता, वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती, भारतात यायची सगळ्यांची इच्छा होती. तरीही विलीनीकरणाच्या कागदावर भारताच्या पंतप्रधानांसमोर सही करायला तोलामोलाचा अधिकारी लागतो, म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं या प्रदेशाचं पंतप्रधान करण्यात आलं आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी सही केली. सगळ्यांना मान्य असलेली गोष्टसुद्धा योग्य हाताने योग्य कागदावर उतरेपर्यंत अधांतरी असते. आज या प्रदेशाला विधानसभा नाही. दमण-दीवसह एकच प्रशासन इस्पितळही बांधतं, शाळाही आणि रस्तेही. मोठ्या राज्यात पाच खात्यांना पटवावं लागेल ते इथे एका कार्यालयाच्या निविदेच्या मसुद्यात बसू शकतं, आणि एका इमारतीत शिकलेलं दुसऱ्या इमारतीत वापरता येतं, कारण मालक तोच असतो.

म्हणून पुढच्या मोठ्या इमारतीच्या निविदेत सॉफ्टवेअर हा शब्द यायच्या आधी चार ओळी याव्यात: मॉडेल मालकाचं राहील, खुल्या स्वरूपात, यंत्रणांचे ठेकेदार डिझाइन संपायच्या आधी टेबलाशी बसतील, तिसऱ्या खणात जाणाऱ्या प्रत्येक मजल्यावर अमुक पदाच्या अधिकाऱ्याची सही असेल, आणि हस्तांतराच्या दिवशी देखभालीच्या माणसाला व्हॉल्व्ह शोधून दाखवावा लागेल. हे झालं, तर कधी तरी मध्यरात्री त्या कॉरिडॉरमध्ये ऑक्सिजनचा दाब कमी होईल तेव्हा तो माणूस शिडी कुठे लावायची हे फोनवर पाहील आणि सीलिंगची एकच टाइल उचलेल.